सलाईनमागचे गणित मांडणारे व्हान्ट हॉफ

सलाईनची बाटली नीट पाहिली तर तिच्यावर ०.९ टक्के सोडियम क्लोराइड असे छापलेले दिसते. म्हणजे एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. शेजारच्या खाटेवर ग्लुकोजची बाटली लावलेली असेल तर तिच्यावर ५ टक्के डेक्स्ट्रोज असे लिहिलेले असते. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि ५ टक्के म्हणजे एका लिटरमध्ये ५० ग्रॅम. एकीकडे ९ ग्रॅम, दुसरीकडे ५० ग्रॅम. तरी दोन्हींपैकी कोणतेही द्रावण शिरेतून दिले तर रक्तातील तांबड्या पेशी फुगून फुटत नाहीत की आकसत नाहीत. याउलट नुसते शुद्ध पाणी शिरेत गेले तर त्या पेशी फुटू लागतात आणि रुग्णाच्या जिवावर बेतते.

वजनात एवढा फरक असताना परिणाम सारखा कसा? याचे उत्तर देणारा माणूस डॉक्टर नव्हता. त्याने कधी रुग्ण तपासला नाही. हे उत्तर शोधताना त्याने स्वतः पेशीवर प्रयोगही केला नाही. इतरांनी केलेल्या मोजमापांकडे त्याने वेगळ्या नजरेने पाहिले, एवढेच. त्यांचे नाव याकोबस हेन्रिकस व्हान्ट हॉफ. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

व्हान्ट हॉफ यांचा जन्म ३० ऑगस्ट १८५२ रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील डॉक्टर होते आणि घरात सात मुले होती. शाळेत असताना याकोबसला रसायनांच्या प्रयोगांनी झपाटले. रविवारी शाळा बंद असताना तो गुपचूप प्रयोगशाळेत शिरायचा आणि स्फोटक, विषारी पदार्थांशी खेळायचा. एकदा तो पकडला गेला आणि प्रकरण वडिलांच्या कानावर गेले. घरातल्यांना मुलाची आवड कळली, पण त्या काळी रसायनशास्त्रावर पोट भरेल याची खात्री कुणालाच नव्हती. म्हणून त्याला डेल्फ्टच्या तंत्रशिक्षण संस्थेत घालण्यात आले. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला. मधल्या सुट्टीत एका साखर कारखान्यात काम केले, आणि रोज तेच ते काम करत आयुष्य काढायचे नाही हे तिथेच त्याच्या लक्षात आले. साखरेशी त्याचा संबंध मात्र सुटणार नव्हता.

पुढे लायडन, मग जर्मनीतील बॉनमध्ये केकुले यांच्याकडे आणि त्यानंतर पॅरिसमध्ये वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे शिक्षण झाले. कवी बायरनच्या कविता आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके ते रसायनशास्त्राइतक्याच आवडीने वाचत. १८७४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी डझनभर पानांची एक छोटी पुस्तिका छापली. कागदावर आपण कार्बनचे रेणू सपाट काढतो. प्रत्यक्षात कार्बनच्या चार हातांची टोके त्रिकोणी सुळक्यासारख्या आकृतीच्या, म्हणजे चतुष्फलकाच्या, चार कोपऱ्यांकडे असतात, असे त्यांनी मांडले. रेणूंना लांबी-रुंदीबरोबर जाडीही असते, हा विचार आज शाळकरी मुलालाही साधा वाटतो. त्या वेळी तो धाडसाचा होता. पॅरिसमधील त्यांचे सहकारी ल बेल यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तसाच विचार मांडला.

या पुस्तिकेने लगेच नाव झाले नाही. डॉक्टरेट मिळाल्यावरही नोकरी नव्हती, शिकवण्या करून दिवस काढावे लागले. १८७६ मध्ये युट्रेख्टच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. दुसऱ्याच वर्षी लाइपझिगचे दबदबा असलेले रसायनशास्त्रज्ञ हेर्मान कोल्बे यांनी एका नियतकालिकात त्यांच्यावर जहरी टीका केली. पशुवैद्यकीय शाळेत काम करणाऱ्या या तरुणाला नेमक्या संशोधनात रस नाही, तो तिथल्याच पंखांच्या घोड्यावर बसून कल्पनेच्या भराऱ्या मारतो आहे, असा त्या टीकेचा आशय होता. टीका माणसावर होती, नोकरीवर होती आणि कल्पनाशक्तीवरही होती.

व्हान्ट हॉफ यांनी भांडण केले नाही. ते १८७७ मध्ये आम्स्टरडॅम विद्यापीठात गेले आणि १८७८ मध्ये तिथे प्राध्यापक झाले. पद स्वीकारताना करायच्या भाषणासाठी त्यांनी विषय निवडला विज्ञानातील कल्पनाशक्तीचा. त्यासाठी सुमारे दोनशे शास्त्रज्ञांची चरित्रे चाळून, त्यांतल्या अनेक थोरांना कला, काव्य अशा गोष्टींची ओढ होती हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. आम्स्टरडॅममध्ये ते अठरा वर्षे राहिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम याच काळातले.

त्या दिवसांत एक प्रश्न त्यांना सतावत होता. काही क्षार पाण्याला घट्ट धरून ठेवतात. ही पाण्याची ओढ किती, ते मोजायचे कसे? एके दिवशी प्रयोगशाळेतून बाहेर पडताना त्यांना विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्रीज पत्नीसह भेटले. पुढे १९०० मध्ये मेंडेलचे विस्मृतीत गेलेले आनुवंशिकतेचे नियम उजेडात आणणाऱ्यांपैकी हे एक. द व्रीज तेव्हा वनस्पतींच्या पेशी आणि पाणी यांचा अभ्यास करत होते. रस्त्यावर उभ्याउभ्या झालेल्या त्या बोलण्यात त्यांनी विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगांची माहिती दिली. आपल्या सिद्धांताची सुरुवात या भेटीतून झाली, असे व्हान्ट हॉफ यांनी पुढे बर्लिनमधील व्याख्यानात सांगितले.

फेफर आणि द व्रीज यांनी काय पाहिले होते, ते आधी समजून घेऊ.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की थोड्या वेळाने तळाशी पाणी जमते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. उलट मनुका पाण्यात टाकल्या की त्या टपोऱ्या होतात. तिन्ही ठिकाणी एकच क्रिया घडते. पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करते, पण मीठ-साखर सहज पार होत नाही. अशा पडद्याच्या दोन्ही बाजूंना कमी-अधिक तीव्रतेची द्रावणे असली, तर फिक्या बाजूचे पाणी तीव्र बाजूकडे जास्त प्रमाणात जाते. यालाच परासरण म्हणतात.

अकरावी-बारावीत जीवशास्त्र शिकलेल्यांना ऱ्हिओच्या पानाचा प्रयोग आठवेल. पानाच्या जांभळ्या बाजूची पातळ साल काढायची आणि ती मिठाच्या किंवा साखरेच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. बागेतले हे झाड द व्रीज यांनीही वापरले होते. द्रावण फिके असेल तर पाणी पेशीत शिरते. पेशी फुगते, पण फुटत नाही, कारण पडद्याबाहेर सेल्युलोजची भक्कम भिंत असते. त्या भिंतीवर आतून पडणारा दाब पुष्कळदा मोटारीच्या टायरमधल्या दाबाहूनही अधिक असतो. कोवळी पाने आणि देठ ताठ उभे राहतात ते याच दाबामुळे. द्रावण तीव्र असेल तर पाणी बाहेर पडते. भिंत जागच्या जागी राहते, पण आतला जांभळा भाग आकसून भिंतीपासून सुटतो. याला रससंकोच म्हणतात. पाणी न मिळालेली मेथीची जुडी मान टाकते, किंवा खताची मात्रा जास्त झाली की रोप करपते, त्यामागे हेच कारण असते. क्षारपड जमिनीत ओल असूनही पिकाला तहान लागते, तीही यामुळेच. बाहेरच्या तीव्र द्रावणातून मुळांना पाणी ओढून घेता येत नाही.

द व्रीज यांनी या रससंकोचाचा मापनासाठी उपयोग केला. पेशीतला रस भिंतीपासून जेमतेम सुटू लागतो, अशी प्रत्येक पदार्थाची तीव्रता त्यांनी शोधून काढली. या तीव्रतेची सगळी द्रावणे पेशीच्या दृष्टीने समान ओढीची. त्यांना आपण समपरासारी म्हणतो. हे करताना त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. रेणूंची संख्या सारखी ठेवली, तर साखरेपेक्षा सोऱ्याची ओढ सुमारे दीडपट भरते.

फेफर यांनी हीच ओढ दाबाच्या रूपात मोजली. मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या छिद्रांमध्ये त्यांनी एका तांब्याच्या संयुगाचा पातळ पडदा तयार केला. तो पाण्याला जाऊ देई, साखरेला अडवी. भांड्यात साखरेचे द्रावण भरून ते पाण्यात ठेवले की पाणी आत शिरे आणि जोडलेल्या नळीतला पारा वर चढे. त्यांनी १८७७ मध्ये हे आकडे प्रसिद्ध केले. १ टक्का साखरेच्या द्रावणाने पारा ५३५ मिलिमीटर चढला, २ टक्क्यांना १०१६ आणि ४ टक्क्यांना २०८२. साखर दुप्पट केली की दाब जवळपास दुप्पट होत होता. तापमान वाढले की दाबही थोडा वाढत होता. फेफर यांना वनस्पतीचे कोडे सोडवायचे होते. या आकड्यांत आणखी काही दडले आहे, याकडे कुणाचे लक्ष गेले नव्हते.

व्हान्ट हॉफ यांनी ते आकडे पाहिले आणि त्यांना त्यात ओळखीची चाल दिसली. फुग्यात हवा दुप्पट कोंबली की दाब दुप्पट होतो. हवा तापवली की दाब ठरावीक प्रमाणात वाढतो. वायूंचे हे नियम रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होते. पाण्यात विरघळलेली साखरही तसेच वागत होती. मग त्यांनी हिशेब केला. १ टक्का द्रावणात साखरेचे जितके रेणू असतात, तितकेच रेणू वायूच्या रूपात तेवढ्याच जागेत कोंडले तर दाब किती होईल? ६.८ अंश सेल्सिअस तापमानाला उत्तर आले ०.६६५ वातावरण. फेफर यांच्या मातीच्या भांड्यात प्रत्यक्ष मोजलेला दाब होता ०.६६४.

सगळेच आकडे इतके तंतोतंत जुळले नाहीत. ३६ अंशांना गणिताने ०.७३५ दिले, प्रयोगात ०.७४६ आले होते. पण नियम स्पष्ट होता. सौम्य द्रावणात विरघळलेला पदार्थ, तो वायू असता तर जितका दाब देता, तितकाच परासरण दाब देतो. याचा अर्थ असा, की पाण्याच्या या देवघेवीत पदार्थ कोणता याला महत्त्व नाही आणि त्याच्या वजनालाही नाही. महत्त्व आहे ते पाण्यात किती कण मोकळे फिरत आहेत त्या संख्येला. पेशीच्या पडद्याला कणांची फक्त मोजणी कळते. कोल्बे यांनी ज्या कल्पनाशक्तीची टिंगल केली होती, तिनेच झाडाची पेशी आणि वायूचा फुगा यांना एका सूत्रात बांधले.

एक अडचण मात्र उरली होती. साखरेला लागू पडणारा नियम मिठाला लागू पडत नव्हता. मीठ, सोरा यांसारखे क्षार हिशेबापेक्षा बराच जास्त दाब दाखवत. द व्रीज यांना सोऱ्यात दिसलेला फरक हाच. व्हान्ट हॉफ यांनी ही गोष्ट लपवली नाही. त्यांनी समीकरणात एक गुणक घातला. मिठासाठी तो २ च्या जवळ जाई. हा गुणक का लागतो, हे त्यांना सांगता येत नव्हते. ते १८८७ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी सांगितले. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे दोन तुकडे होतात, एक सोडियमचा आणि एक क्लोराइडचा. दोन्हींवर विद्युतभार असतो आणि दोन्ही स्वतंत्र कण म्हणून मोजले जातात. या अऱ्हेनियस यांच्या प्रबंधालाही तीन वर्षांपूर्वी त्यांच्या विद्यापीठाने खालची श्रेणी दिली होती. दोघांचे लेख एकाच नव्या नियतकालिकाच्या पहिल्या वर्षी आले. त्यामागे विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचे प्रयत्न होते.

आता लेखाच्या सुरुवातीचे कोडे सोडवता येते. ग्लुकोजच्या रेणूचे वजन १८०. ५० ग्रॅमला १८० ने भागले की ०.२७८ येते. मिठाचे वजन ५८.५. ९ ग्रॅमला त्याने भागले की ०.१५४ येते, आणि दोन तुकडे होतात म्हणून दुप्पट केले की ०.३०८. रक्तातील कणांची संख्या याच मापाने ०.२९ च्या आसपास असते. मिठाचे ९ ग्रॅम आणि ग्लुकोजचे ५० ग्रॅम कणांच्या मोजणीत जवळजवळ सारखे, आणि दोन्ही रक्ताच्या जवळचे.

पण वनस्पतीच्या पानावरून निघालेला हा हिशेब रक्तापर्यंत आला कसा? ते काम हार्टोग हॅम्बर्गर या दुसऱ्या डच संशोधकाचे. तांबड्या पेशीला भिंत नसते, फक्त पडदा असतो. त्यामुळे फिक्या द्रावणात ती फुगून गोल होते आणि अखेर फुटते. आतला लाल रंग पाण्यात उतरतो. तीव्र द्रावणात ती आकसून काटेरी दिसते. १८८० नंतरच्या दशकात हॅम्बर्गर यांनी वेगवेगळ्या क्षारांच्या द्रावणांत रक्त मिसळून रंग कधी सुटू लागतो ते पाहिले. क्षारांच्या ओढीची जी तुलना द व्रीज यांनी पानावर मांडली होती, तीच रक्तातही आढळली. पान आणि रक्त, दोघांचा हिशेब एकच निघाला. व्हान्ट हॉफ यांनी आपल्या लेखात हा पुरावाही घेतला. सस्तन प्राण्यांच्या रक्ताशी जुळणारे मिठाचे प्रमाण ०.९ टक्क्याच्या जवळ आहे, हेही पुढे हॅम्बर्गर यांच्याच कामातून ठरले. त्याआधी १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या डॉ. लॅटा यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेतून मिठाचे पाणी देऊन काहींना वाचवले होते, पण ते द्रावण रक्तापेक्षा बरेच फिके होते. योग्य प्रमाण ठरवण्याचे साधनच तेव्हा नव्हते. योगायोग असा, की हॅम्बर्गरही पुढे युट्रेख्टच्या त्याच पशुवैद्यकीय शाळेत शिकवत होते, जिच्यावरून कोल्बे यांनी टोमणा मारला होता.

१८९६ मध्ये व्हान्ट हॉफ बर्लिनला गेले. आम्स्टरडॅममध्ये शिकवण्याचा आणि परीक्षांचा भार फार होता. बर्लिनमध्ये आठवड्याला एक व्याख्यान, बाकी वेळ संशोधनाला. तिथे त्यांनी श्टासफुर्ट येथील खनिज मिठांच्या थरांचा अभ्यास केला. प्राचीन समुद्र आटताना कोणते क्षार कोणत्या क्रमाने खाली बसले असतील, हे शोधले. १९०१ मध्ये नोबेल पारितोषिके प्रथमच दिली गेली. पदार्थविज्ञानाचे क्ष-किरणांच्या शोधासाठी रॉन्टजेन यांना, वैद्यकाचे घटसर्पावरील रक्तद्रव (सीरम) उपचाराच्या कामासाठी बेहरिंग यांना आणि रसायनशास्त्राचे व्हान्ट हॉफ यांना. त्यांच्या पारितोषिकाला दोन कारणे होती, रासायनिक क्रियांच्या गतीचे नियम आणि द्रावणांतील परासरण दाब.

त्यानंतर त्यांची प्रकृती खालावत गेली. आजार क्षयाचा होता. क्षयाचा जंतू याच बर्लिन शहरात रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच जाहीर केला होता, पण त्याला मारणारे औषध यायला अजून कित्येक वर्षे होती. शेवटच्या काळात व्हान्ट हॉफ पुन्हा वनस्पतींकडे वळले होते. झाडांतली विकरे पदार्थ कसे जोडतात, यावर ते काम करत होते. १ मार्च १९११ रोजी बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ येथे त्यांचे निधन झाले. वय ५८ होते.

आज रुग्णालयात त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते, पण त्यांचा हिशेब रोज होतो. बेशुद्ध रुग्ण आला की आम्ही रक्तातील सोडियमचा आकडा दुप्पट करतो, त्यात साखरेचा आकडा १८ ने भागून आणि युरियाचा ६ ने भागून मिळवतो. सोडियम १४०, साखर ९० आणि युरिया ३० असेल तर २८० अधिक ५ अधिक ५, म्हणजे २९०. मघाच्या ०.२९ चेच हे हजारपट रूप. सोडियम दुप्पट का करायचा? कारण त्याच्यासोबत क्लोराइडसारखा एक जोडीदार कण असतोच. मधुमेही रुग्णाची साखर ७२० झाली तर ५ च्या जागी ४० मिळवावे लागतात. या जादा कणांमुळे पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. त्यामुळे घसा कोरडा पडतो, लघवी वाढते आणि अखेर शुद्ध हरपते.

याउलट सोडियम ११० पर्यंत उतरला तर पाणी पेशींत शिरते. हात-पाय सुजले तर जागा तरी असते. मेंदू कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नसते. मग डोके दुखते, भ्रम होतो, झटके येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या वयस्कर व्यक्तींत, किंवा भर उन्हात घाम गाळून नुसतेच पाणी लिटरच्या लिटर पिणाऱ्यांत असे होऊ शकते. त्यावर उपचार करतानाही घाई चालत नाही. बरेच दिवस फिक्या रक्ताची सवय झालेल्या मेंदूतून पाणी एकदम ओढले गेले तर कायमची इजा होते. म्हणून दिवसाला साधारण ८ ते १० अंकांपेक्षा जास्त सोडियम वाढू देत नाहीत. डोक्याला मार लागून मेंदूला सूज आली की मॅनिटॉल देतात, तोही हाच नियम वापरून. त्याच्या २० टक्के द्रावणात रक्ताच्या तिपटीहून अधिक कण असतात, ते मेंदूतले पाणी ओढून घेतात.

हॅम्बर्गर यांची रक्त फोडण्याची रीतही अजून वापरात आहे. थॅलेसेमियाचे वाहक शोधण्यासाठी आपल्याकडे एक स्वस्त चाचणी केली जाते. ०.३६ टक्के मिठाच्या द्रावणात रक्ताचे काही थेंब टाकायचे आणि परीक्षानळीमागे काळी रेघ असलेला कागद धरायचा. निरोगी माणसाच्या पेशी इतक्या फिक्या द्रावणात फुटतात, पाणी नितळ लाल होते आणि रेघ दिसते. वाहकाच्या पेशी सहज फुटत नाहीत, द्रावण गढूळ राहते आणि रेघ नीट दिसत नाही. लोहाच्या कमतरतेतही असे होऊ शकते, म्हणून पुढची पक्की तपासणी लागते. पण लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला ही साधी चाचणी केली तर एखादे घर मोठ्या दुःखातून वाचू शकते.

घरोघरी लागणारी गोष्ट शेवटी सांगतो. जुलाबांत दिले जाणारे ओआरएस हे कणांच्या हिशेबावरच बेतलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात कणांचा आकडा २४५ आहे, रक्ताच्या २९० पेक्षा थोडा कमी. म्हणून आतड्यातले पाणी शरीरात जाते, आणि त्यातले ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन हे काम आणखी सोपे करते. हे सारे पाणी अचूक मोजले तरच घडते. एक लिटरचे पाकीट एका पेल्यात कालवले तर द्रावण इतके तीव्र होते की पाणी शरीरातून आतड्यात ओढले जाते, आणि बाळाच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. अर्धे पाकीट आज, अर्धे उद्या असेही अंदाजाने करू नये. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात, त्यामुळे पाकिटावर किती पाण्यात मिसळायचे ते वाचावे आणि तेवढेच पाणी घ्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, लहान. शीतपेये देऊ नयेत. एक लिटर कोलात सुमारे १०० ग्रॅम साखर असते, तिने जुलाब वाढतात. चवीसाठी चिमूट जास्त टाकण्याचा मोहही टाळावा. आपल्या जिभेला ती चिमूट जाणवणार नाही, पण बाळाच्या पेशी प्रत्येक कण मोजतात.